रास अल खैमाची आंबट कॉफी

मोठ्यानं भुरका मारून कॉफी पिण्याचा मला पगार मिळायचा. हे मी माहेरी, सांगलीला, पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत राहिली. बशीतला चहा फुरकते म्हणून लहानपणी तिनेच मला किती वेळा दटावलं होतं. पण कॉफीची चव बघायची तर दुसरा मार्ग नाही. चमचाभर कॉफी हवेसकट जोरात ओढून घ्यायची, म्हणजे ती जिभेवर, टाळूवर आणि नाकाच्या मागच्या बाजूला एकदम पसरते. क्षणभर थांबायचं, काय कळतंय ते मनात धरायचं आणि थुंकून टाकायचं. गिळत बसलं तर दिवसाला तीस-चाळीस कप होतात आणि रात्री छताकडे बघत पडावं लागतं.

नव्वदच्या दशकात दुबईला, देरा भागातल्या एका मसाले आणि कॉफीच्या कंपनीत मी क्वालिटीचं काम बघत होते. फूड टेक्नॉलॉजी शिकलेली होते, लग्नानंतर नवऱ्याबरोबर तिकडे गेले, मुलगी शाळेत जायला लागल्यावर घर खायला उठलं, म्हणून नोकरी धरली. पुढे ऑफिस, मागे गोदाम आणि गोदामाच्या टोकाला भाजणीची खोली. तिथे लोखंडी ड्रमसमोर अब्दो उभा असायचा. येमेनच्या डोंगराळ भागातला, साठी ओलांडलेला, बारीक अंगाचा, फार कमी बोलणारा माणूस. घाणा कधी उतरवायचा हे तो वासावरून आणि दाण्यांच्या तडतडण्यावरून ठरवायचा. तो कान ड्रमकडे करून उभा राहिला की आम्ही सगळे आपोआप हळू बोलायला लागायचो.

एका वर्षी, रमजानला अजून दोनेक महिने असताना, रास अल खैमाहून तक्रारी यायला लागल्या. तिथल्या बंदराजवळच्या आणि बाजारातल्या कॅफेटेरियांना आम्ही गहव्याची पूड पुरवत होतो. गहवा म्हणजे अरबांची कॉफी. ती आपल्यासारखी काळी नसते. दाणे जेमतेम सोनेरी होईपर्यंत भाजतात, जाडसर दळतात आणि वेलची घालून पाण्यात उकळतात. दूध नाही, साखर नाही. मुठीत मावेल अशा बिनकानाच्या पेल्यात दोन घोट ओततात, सोबत खजूर. पुरे झालं की पेला हलवून दाखवायचा, नाहीतर ओतणारा ओततच राहतो. उत्तरेकडच्या गावांना हलकी भाजणी आवडायची, म्हणून अब्दो त्यांच्यासाठी वेगळा घाणा काढायचा. तो आता आंबट लागतो, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. खोकी परत येत होती.

मी परत आलेल्या डब्यांची चव घेतली. काही दोष नव्हता. पुन्हा घेतली, तरी नाही. साहेबांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, की तुमची जीभ ठीक असेल, पण गिऱ्हाइकाचीही जीभच आहे. त्यांच्या टेबलावर भाजणीच्या एका नव्या मशीनचं रंगीत कॅटलॉग बरेच दिवस पडून होतं. अब्दोचा व्हिसा रिन्यू करायची वेळ जवळ आली होती. म्हातारा आता थकला, त्याचं नाक गेलं, असं त्यांनी मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. मी म्हटलं, की मला तिथे जाऊन, त्यांच्याच कपात, त्यांनी केलेली कॉफी पिऊन बघू द्या. साहेबांनी थोडा विचार केला आणि कंपनीची व्हॅन दिली. रमजानच्या आत काय ते सांगा, म्हणाले.

व्हॅन चालवायचे इब्राहिमभाई. दापोलीकडचे, माझ्याशी मराठीतच बोलायचे, आणि उत्तरेकडचा माल तेच पोचवायचे. पहाटे निघालो. शारजा मागे पडलं, उम्म अल क्वैनच्या खाजणातले पांढरे पक्षी दिसले, आणि उजव्या हाताला डोंगर उगवायला लागले तेव्हा इब्राहिमभाई जरा चाचरत म्हणाले, "ताई, एक बोलू का? तिथं सकाळच्या वक्ताला बायामाणसं आत जात नाय. तुम्ही गाडीत बसा, मी कप आणतो."

तसं तिथे सगळेच करायचे. कॅफेटेरियासमोर गाडी उभी करून हॉर्न दाबला की आतला माणूस धावत येतो, काचेतून ऑर्डर घेतो आणि कागदी पेले, कागदात गुंडाळलेला परोटा आणून देतो. बायका, पोरं, शेख, सगळे गाडीतच खातात. पण कागदी पेल्यात कॉफीला कागदाचीच चव येते, आणि मला तर भांडं, चूल, हात, सगळं बघायचं होतं. मी आत जाणार म्हटल्यावर इब्राहिमभाईंनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि माझ्यापुढे चालत गेले, जणू मी त्यांची थोरली बहीण आहे असं सगळ्यांना दिसावं.

त्या आठवड्यात मी रास अल खैमात जेवढे नाश्ते केले तेवढे आयुष्यात पुन्हा केले नाहीत. बहुतेक ठिकाणी केरळचे लोक होते. तीन-चार पत्र्याची टेबलं, भिंतीवर मक्केचं चित्र असलेलं कॅलेंडर, मागे काळाकुट्ट तवा. काही ठिकाणी मला पडदा लावलेल्या कोपऱ्यात बसवायचे आणि पडद्याखालून दिसणाऱ्या चपलांवरून मी ओळखायचे की आत कोण आलं, पठाण ड्रायव्हर की बंगाली कोळी. डोंगराच्या पायथ्याशी खजुराच्या बागांत एक छोटं हॉटेल होतं. तिथे शेजारच्या घरातली एक स्थानिक बाई पातळ, कुरकुरीत रगाग करून पाठवायची, आपल्या घावनाची दूरची बहीण. आणखी एका ठिकाणी मला शेवया मिळाल्या, साखर-केशर घातलेल्या, आणि त्यांच्यावर सरळ अंड्याची पोळी पांघरलेली. गोड शेवया आणि अंडं! मी दोन मिनिटं नुसती बघत राहिले. मग खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितल्या.

कॉफीचं मात्र कोडं सुटेना. बागांतल्या हॉटेलात आमचा गहवा उत्तम लागत होता. मऊ, वेलचीच्या वासाचा, मागे हलका मध रेंगाळणारा. तोच बंदरावर आणि बाजारात आंबट, जिभेच्या कडांना टोचणारा. डबे एकाच घाण्याचे होते, ते मी स्वतः तपासले होते. मी वेलची बघितली, उकळायचा वेळ बघितला, डबे उन्हात ठेवतात का ते बघितलं. कुठेच फरक नव्हता.

बंदरासमोरचं कॅफेटेरिया कोयाचं होतं. कोझिकोडचा, पन्नाशीचा, सगळ्यांशी हसून बोलणारा माणूस, पण आमच्या कॉफीचं नाव काढलं की त्याचा चेहरा पडायचा. कारण त्याच्या दाराशी बाकावर बू राशिद बसायचे. हे एके काळचे नाखवा. तेल सापडण्याआधी खजूर घेऊन गलबतानं मुंबईला जायचे आणि तांदूळ, सागवान घेऊन परत यायचे. हिंदी अस्खलित, तीही जुन्या मुंबईची. सकाळी बोटी परतल्या की बंदरावरची मंडळी कोयाकडे यायची आणि बू राशिदांनी पहिला पेला घेतल्याशिवाय कुणी घेत नसे. त्यांनी पेला ठेवून दिला, म्हणून सगळ्यांनी ठेवला. आता ते घरून स्वतःचा थर्मास आणायचे आणि कोयाच्याच बाकावर बसून प्यायचे. मी सांगलीची, म्हणजे त्यांच्या लेखी मुंबईकडचीच, हे कळल्यावर त्यांनी मस्जिद बंदराची चौकशी केली. मग आमच्या कॉफीकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाले, "बेटी, ये गहवा नहीं है. तुम्हारे भूननेवाले का हाथ चला गया."

साहेबांचंच वाक्य मला तिथे, समुद्राकाठी, दुसऱ्याच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळालं. 

उलगडा झाला तो किटलीमुळे. बागांतल्या हॉटेलात एका सकाळी मी किटलीचं झाकण उघडलं तर आतून ती चुना फासल्यासारखी पांढरी होती. क्षारांचा थर. तशीच किटली बघायला मी कोयाच्या स्वयंपाकघरात गेले, तर ती लख्ख. मी त्याला विचारलं, की रोज घासतोस का. तो म्हणाला, आता घासावी लागतच नाही. आधी टँकरनं डोंगरातल्या विहिरीचं पाणी यायचं, तेव्हा आठवड्याला थर धरायचा. काही महिन्यांपूर्वी बंदरावर आणि बाजारात नळाचं पाणी आलं, समुद्राचं पाणी गोडं करून दिलेलं. किती छान पाणी, म्हणत त्याने मला ग्लासभर प्यायलाही दिलं.

खरंच छान होतं. आणि तीच अडचण होती. विहिरीच्या जड पाण्यातले क्षार कॉफीतला आंबटपणा शोषून घेतात, त्याची धार मारतात. अब्दोची हलकी भाजणी वर्षानुवर्षं त्या पाण्यावरच बसली होती. पाणी हलकं झालं आणि आंबटपणा उघडा पडला. आमच्या टेस्टिंग रूममध्ये नियमाप्रमाणे बाटलीतलं पाणी वापरायचे, डोंगरातल्या झऱ्याचं, क्षार असलेलं, त्यामुळे मला तिथे काही कळणं शक्यच नव्हतं.

दोन्हीकडचं पाणी कॅनमध्ये भरून घरी आणलं. दोन पातेल्यांत एकच पूड, सारखीच वेलची. नवरा म्हणाला, दोन्ही सारख्याच वाईट आहेत, दूध घाल. मुलीने नळाच्या पाण्यातल्या कॉफीचा एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "आई, धिस वन इज लाइक लेमन." मला तेवढं पुरे होतं.

साहेबांना सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, की ठीक, पण पाणी काही आपण बदलू शकत नाही. अब्दोला भाजणी बदलायला सांगा. बदलली तर राहू दे, नाहीतर मशीन आहेच.

मला वाटलं होतं आता अब्दो सुटला. पण मी त्याला सांगायला गेले आणि प्रकरण भलतंच अवघड झालं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, की चूक माझी नाही असं तूच सांगतेस, आणि मीच हात बदलायचा? खराब पाणी त्यांचं, आणि भोग माझ्या दाण्यांना? मी म्हटलं पाणी खराब नाही, चांगलं आहे. त्यावर तो हसला आणि ड्रमकडे वळला. कॉफी आंबट लागते यावर त्याचा विश्वासच नव्हता. त्याच्या मते बंदरावरचे लोक खोटं बोलत होते, दुसऱ्या कुणाचा तरी स्वस्त माल घेण्यासाठी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत अब्दोने आपली कॉफी गिऱ्हाइकाच्या दारात कधी प्यायलीच नव्हती. खोली, गोदाम, मशीद, यापलीकडे तो गेला नव्हता. मी त्याला म्हटलं, शुक्रवारी सुट्टी आहे, माझ्याबरोबर नाश्त्याला चल. तो नको म्हणाला. मी इब्राहिमभाईंना मध्ये घातलं. ते दोघे एकाच मशिदीत जायचे. त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण शुक्रवारी सकाळी अब्दो पांढरा स्वच्छ पायघोळ थोब घालून, दाढीला मेंदी लावून व्हॅनपाशी उभा होता. मांडीवर एक डबा, आदल्या दिवशी भाजलेला. वाटेत माल खराब होतो असं कुणी म्हणू नये म्हणून तो त्याने रासपर्यंत हातातून सोडला नाही.

कोयाच्या बाकावर बू राशिद थर्मास घेऊन बसलेच होते. सलाम झाले, तब्येतीच्या चौकशा झाल्या. मग त्यांना कळलं हा कोण ते, आणि ते जरा ताठ झाले. कोयाने अब्दोसमोर डबा फोडला, अब्दोच्या सांगण्याप्रमाणे पाणी उकळलं, पूड घातली, उतरवलं, ओतलं.   मला वाटत होतं, मी या म्हाताऱ्याला भर बाजारात आणून उभं केलं, हे बरं नाही केलं.

अब्दोने पेला संपवला. हलवला नाही, पुढे केला. कोयाने पुन्हा ओतलं. तोही त्याने संपवला. मग पेला टेबलावर ठेवून तो कुणाकडेच न बघता म्हणाला, "सही बोलता है. खराब है."

बू राशिद जिंकले होते, पण त्यांना त्यात गंमत वाटलेली दिसली नाही. त्यांनी आपला थर्मास पुढे ओढला, एक पेला धुवून घेतला आणि स्वतःच्या हाताने अब्दोला ओतून दिला. खरी चव कशी असते ती बघ, एवढंच म्हणाले, तेही मऊपणे. अब्दोने घोट घेतला. थांबला. दुसरा घेतला. आणि म्हणाला, "ये मेरा है."

बू राशिद म्हणाले, नाही, ही माझ्या बायकोने केलेली. अब्दो म्हणाला, बायकोने केली असेल, पण दाणे मी भाजलेत. दोघांचा आवाज चढला. बू राशिद आपल्या घरी आमचा माल येतच नाही म्हणून सांगत होते आणि अब्दो ऐकत नव्हता. शेवटी बू राशिद उठले, काठी घेतली आणि घराकडे चालते झाले. घर मागच्याच गल्लीत होतं. आम्ही सगळे वाट बघत बसलो. कोयाने कुणी न मागताच परोटे आणून ठेवले, कुणी हात लावला नाही.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात आमचा पिवळा डबा होता. बायकोने तोच आणला होता, नेहमीसारखा, बाजारातून. त्यांच्या अंगणात जुनी विहीर होती आणि बायको स्वयंपाकाला तेच पाणी वापरायची. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, अब्दोच्या शेजारी बसले आणि परोट्याचा तुकडा मोडून त्याच्यापुढे केला. मग ते पाण्याबद्दल मला विचारायला लागले. मी समजावत गेले, आणि त्या दोघांनी दोन शाळकरी मुलांसारखं ऐकून घेतलं.

 शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा भाजणीच्या खोलीत छोटे छोटे घाणे काढून ठेवलेले होते. कोयाकडून आणलेलं पाणी मी दिलं. दिवसभर आम्ही दोघे भुरके मारत बसलो. हलक्या भाजणीला आधी ओल्या गवताचा वास असतो, मग तो गरम भाकरीकडे झुकतो. अब्दो पूर्वी त्या वळणाच्या जरा अलीकडे थांबायचा, आता जरा पलीकडे. तेवढंच. रमजानच्या आधी खोकी पुन्हा जायला लागली, आणि कोयाने इब्राहिमभाईंबरोबर माझ्यासाठी परोट्यांची चळत पाठवली. अब्दोचा व्हिसा रिन्यू झाला.

मात्र त्यानंतर अब्दोच्या शुक्रवारांत बदल झाला. तो शेअर टॅक्सी पकडून रासला जायला लागला. दोघे कोयाच्या बाकावर बसायचे, असं इब्राहिमभाई सांगायचे. काय बोलायचे ते त्यांनाही माहीत नव्हतं. फारसं काही बोलत नसावेत.

मशीन काही वर्षांनी आलंच. ते चालवायचं ट्रेनिंग मीच घेतलं. चांगलं मशीन होतं, प्रत्येक घाणा आधीच्यासारखाच उतरायचा. अब्दो तोवर स्वतःहून गावी परतला होता, गुडघे दुखतात म्हणून. माझं काम स्क्रीनवरचे आकडे बघायचं झालं आणि कॅफेटेरियांत हिंडायचं कारण उरलं नाही. याची हळहळ मला अजून वाटते. तिकडचे लोकही हळूहळू दुधाच्या कडक चहाकडे वळले होते.

दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही पुण्याला परतायचं ठरवलं. निघण्याआधी एका शुक्रवारी मी नवऱ्याला आणि मुलीला घेऊन रासला गेले. कोया गावी गेला होता, त्याचा पुतण्या गल्ल्यावर होता. बाकावर बू राशिद होते, खूप वाकलेले, पण मला ओळखलं त्यांनी. अब्दोची खबर विचारली तर चेहरा उजळला. म्हणाले, मी गेलो होतो त्याच्याकडे. मुलाला बरोबर घेतलं, विमानानं गेलो, पुढे जीपनं डोंगर चढलो. इतकी वर्षं त्याच्या हातची कॉफी प्यायलो, म्हटलं एकदा त्याच्या घरी बसून प्यावी.

मी विचारलं, कशी होती?

"पिलाया ही नहीं," बू राशिद म्हणाले.

अब्दोच्या घरी कॉफीची झाडं होती, अंगणात दाणे वाळत पडलेले. पण रोज सकाळ-संध्याकाळ पेल्यात यायचं ते वेगळंच काहीतरी, फिकट, सुंठ घातलेलं, आपल्या आल्याच्या चहासारखं गरम. कॉफीच्या फळांची वाळलेली टरफलं उकळून केलेलं. दाणे विकायचे असतात, घरात टरफलंच पितात, आमच्याकडे सगळे असंच करतात, असं अब्दोने सांगितलं, आणि त्यात काही विशेष आहे असं त्याला वाटलंच नाही. बू राशिद पाहुणे. मागणार कसे? शेवटच्या दिवशीपर्यंत ते वाट बघत राहिले.

"फिर?" मी विचारलं.

"फिर क्या," ते म्हणाले. "अच्छा था वो भी. बीवी के लिए थैला भर के लाया हूँ. उसको पसंद नहीं आया." आणि त्यांनी थर्मासचं झाकण उघडून माझ्या मुलीला तेच पेलाभर ओतून दिलं.